लहान मुले आणि घरातील विषे

ताप्ती मार्गावरील गाडी नंदुरबार, नवापूर, व्यारा, बारडोली ही स्थानके मागे टाकून उधन्यास पोहोचते, तेव्हा तिच्यातून उतरणाऱ्यांत खानदेशातील माणसांचा भरणा मोठा असतो. धुळे, नंदुरबार आणि जळगाव या जिल्ह्यांतून आलेली हजारो कुटुंबे उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या भागांत आता पिढीजात सुरतकर झाली आहेत. सुरत महानगरपालिका त्यांच्या मुलांसाठी मराठी माध्यमाच्या शाळा चालविते. घरातील कर्ता पुरुष यंत्रमागावर, रंगाई-छपाईच्या गिरणीत, जरीच्या अथवा हिऱ्याच्या कारखान्यात कामाला जातो. गृहिणी पुष्कळदा घरीच बसून साड्यांना खडे, टिकल्या आणि लेस लावण्याचे काम करते. राहावयाची जागा बहुधा एका खोलीची. स्वयंपाक तिथेच, देव तिथेच, आजोबांची औषधे, साड्यांचे गठ्ठे, फिनाइलची बाटली आणि रात्रीची अंथरुणेही तिथेच.

अशा खोलीतील मूल दीड वर्षाचे होऊन भिंत धरून चालू लागले म्हणजे घरात आनंदीआनंद होतो, आणि तो योग्यच आहे. परंतु त्याच दिवसापासून एक नवे भय घरात शिरते, याची जाणीव फारच थोड्यांना असते. पाळण्यातील मुलाच्या पोटात विष जावयाचे तर ते कोणीतरी दिले पाहिजे. पाच-सहा वर्षांच्या मुलास ‘हे खाऊ नये’ एवढे उमजू लागलेले असते. मधली जी तीन-चार वर्षे, तीच खरी धोक्याची. जगातील सर्व देशांतील बालरोगतज्ज्ञांचा अनुभव या बाबतीत एकच आहे: चुकून विष घेतलेली म्हणून जी मुले रुग्णालयात येतात, त्यांतील बहुसंख्य एक ते चार वर्षे वयाची असतात. ती येतात तीही ठरावीक वेळी. आई स्वयंपाकात गुंतलेली असते, घरात पाहुणे असतात, सणाची साफसफाई चाललेली असते, किंवा बिऱ्हाड नव्या खोलीत हलविले जात असते. घर नेहमीच्या घडीवरून थोडे हलले की कपाटातील वस्तू जमिनीवर येतात, आणि जमीन हे तर त्या वयाच्या मुलाचे राज्य असते.

मूल असे पदार्थ तोंडात का घालते, असा प्रश्न वडीलधारी माणसे रागाने विचारतात. वस्तुतः त्या वयात तोंड हेच मुलाचे ज्ञानेंद्रिय असते. वस्तू हातात आली की ती तोंडात घालून पाहणे, ही त्याची जग ओळखण्याची रीत होय. रॉकेलचा वास मोठ्या माणसाला नकोसा वाटतो, म्हणून तो मुलालाही वाटेल, असे मानण्यास आधार नाही. त्यातून वैशाखाचा उन्हाळा, पत्र्याचे छप्पर आणि घशाला पडलेली कोरड! तहानलेल्या मुलाला पाण्याच्या बाटलीत पाण्यासारखा दिसणारा पदार्थ दिसला, तर ते एक-दोन घोट घेऊन मगच ठसका देते. रॉकेल पिण्याचे प्रकार उन्हाळ्यात वाढतात, ते याच कारणाने.

येथे सर्वांत महत्त्वाची गोष्ट सांगावयास हवी. घरातील बहुतेक विषबाधांचे मूळ पदार्थापेक्षाही त्याच्या भांड्यात असते. विष आपल्या मूळच्या डब्यातून निघून पिण्याच्या बाटलीत, चहाच्या कपात किंवा लोणच्याच्या बरणीत गेले की त्याची ओळख पुसली जाते. मुलाला अक्षरे वाचता येत नाहीत. ते बाटलीचा आकार वाचते. शीतपेयाच्या बाटलीतून काल गोड सरबत मिळाले, तर आजही त्याच आकाराच्या बाटलीत सरबतच असणार, हा त्याचा तर्क चुकीचा म्हणता येत नाही. चूक ती बाटली भरणाऱ्याची.

भांडे बदलल्याचा परिणाम किती दूरवर जातो, याचे एक भीषण उदाहरण बिहार राज्यात घडले. सारण जिल्ह्यातील धर्मासती गंडामन या गावच्या प्राथमिक शाळेत १६ जुलै २०१३ रोजी मुलांनी माध्यान्ह भोजन घेतले आणि त्यांतील २३ मुले दगावली. अन्नात मोनोक्रोटोफॉस हे पिकांवर फवारावयाचे कीटकनाशक मिसळले गेले होते. ते खाद्य तेलाच्या वाटेने आले. तेल ठेवण्यास कीटकनाशकाचा रिकामा डबा वापरला गेला होता, असे तपासात आढळले. ही घटना शाळेत घडली खरी. परंतु फवारणीच्या औषधाचा रिकामा डबा धुऊन त्यात तेल, धान्य वा पाणी भरण्याची सवय खेड्यांतील घराघरांत आहे. सुरतेतील खानदेशी कुटुंबे दिवाळीत व मे महिन्यात गावी जातात, तेव्हा कपाशीच्या फवारणीचे डबे ओसरीत पडलेले असतात आणि शहरातील मुलास त्यांची मुळीच माहिती नसते. असा डबा कितीही धुतला तरी अन्नासाठी वापरावयाचा नाही. त्याला भोक पाडून किंवा तो चेपून निरुपयोगी केला म्हणजे मोहच उरत नाही.

रॉकेल, ज्याला सुरतेत घासलेट म्हणतात, ते पूर्वी आपल्या देशातील बालविषबाधेचे एक प्रमुख कारण होते. गॅस घरोघर आला, २०१६ साली सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने तो गरिबांच्या स्वयंपाकघरातही पोहोचला, आणि स्टव्ह मागे पडला. बाटलीची सवय मात्र मागे पडली नाही. आता त्याच बाटल्यांतून पातळ रंग, थिनर, फिनाइल आणि संडास धुण्याचे ॲसिड घरात येते. सायकलवरून सुटे फिनाइल व ॲसिड विकणारा फेरीवाला गिऱ्हाइकाच्याच रिकाम्या बाटलीत माल ओतून देतो; दोन पैसे वाचतात, आणि मोरीच्या कोपऱ्यात पाण्याच्या बाटलीत ॲसिड उभे राहते. ॲसिडच्या खुल्या विक्रीवर सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली निर्बंध घातले, ते ॲसिड-हल्ल्यांच्या संदर्भात. त्यांचा लाभ मुलांनाही व्हावयास हवा होता. परंतु मोरीच्या कोपऱ्यापर्यंत कायदा क्वचितच पोहोचतो.

भांड्यावरच उपाय केला तर काय होऊ शकते, हे इतर देशांनी करून पाहिले आहे. कॅनडातील विंडसर येथील डॉक्टर आंरी ब्रो यांच्या प्रयत्नांतून १९६७ साली एक असे झाकण पुढे आले, की ते तळहाताने दाबून मगच फिरवावे लागते. मोठ्या माणसाला ते सहज जमते, लहान मुलाला जमत नाही. अमेरिकेने १९७० साली कायदा करून औषधांच्या व घातक द्रव्यांच्या बाटल्यांना अशी झाकणे आवश्यक केली आणि ॲस्पिरिनच्या गोळ्या खाऊन दगावणाऱ्या मुलांची संख्या झपाट्याने उतरली. दक्षिण आफ्रिकेत गरीब वस्त्यांमधून रॉकेलसाठी अशाच झाकणांची भांडी वाटण्यात आली, तेव्हा तेथील रॉकेल पिण्याचे प्रकार निम्म्याच्या आसपास आले. त्या वस्त्यांतील माता काही एकाएकी अधिक दक्ष झाल्या नव्हत्या. झाकण बदलले होते. आपल्याकडे मिळणाऱ्या पुष्कळ बाटल्यांना असे झाकण नसते; असते तेव्हा ते उघडण्याचा त्रास नको म्हणून सैल ठेवले जाते.

सुरतेच्या बाबतीत आणखी एक विचार करावा लागतो. हे उद्योगांचे शहर आहे आणि उद्योगातील द्रव्ये कामगाराच्या डब्याबरोबर घरी येऊ शकतात. पॉलिस्टर कापडाचे वजन कमी करून त्याला मऊपणा आणण्यासाठी गिरणीत कॉस्टिक सोडा वापरतात. त्याच्या पांढऱ्या पापड्या लहान मुलाला खडीसाखरेसारख्या दिसाव्यात, यात नवल नाही. मोरी तुंबली की ती मोकळी करावयास मूठभर कॉस्टिक कागदात बांधून आणणे ही साधी गोष्ट वाटते. परंतु या पापडीचा एक तुकडा जिभेवर गेला तरी तोंड पोळते, आणि गिळला गेला तर अन्ननलिका आतून जळते. जखम भरताना नळी आकसते. मग पातळ पेजसुद्धा उतरेनाशी होते आणि ती नळी रुंद करून घेण्यासाठी मुलाला महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे, रुग्णालयाच्या खेपा घालाव्या लागतात. जीव वाचला, एवढ्यावर या अपघाताचा हिशेब संपत नाही.

जरीच्या आणि दागिन्यांच्या मुलाम्यासाठी सायनाइडयुक्त द्रावणे वापरली जातात. हिरे पैलू पाडून झाल्यावर तीव्र ॲसिडात उकळून स्वच्छ करतात. ही कामे मोठ्या कारखान्यांत होतात तोवर त्यांच्यावर काही देखरेख असते. परंतु एखादे छोटे काम जेव्हा राहत्या घराच्या मागच्या खोलीत किंवा माळ्यावर चालते, तेव्हा कारखाना व घर यांच्यामध्ये केवळ एक पडदा उरतो. येथे दोष एकट्या कामगारावर टाकून चालणार नाही. रिकामे कॅन व पिंपे कामगारांना पाणी साठवावयास देणारा मालक, लेबल नसलेला माल विकणारा दुकानदार आणि मुले राहतात त्याच घरात असे काम चालू देणारा घरमालक हेही या अपघातांचे भागीदार आहेत. कारखान्यातील वस्तू कारखान्यातच राहिली पाहिजे, आणि अंगावरचे कामाचे कपडे मूल कडेवर घेण्यापूर्वी उतरविले पाहिजेत.

औषधांविषयी सर्वसाधारण समजूत अशी, की जे रोगावर चालते ते अपाय करणार नाही. या समजुतीला सर्वांत मोठा धक्का देते ती लोहाची गोळी. ‘ॲनिमिया मुक्त भारत’ या कार्यक्रमातून गरोदर स्त्रियांना लोह व फॉलिक ॲसिडच्या लाल, साखरेचा लेप असलेल्या गोळ्या मिळतात. प्रत्येक गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असते. आईला ती हितकारक. तिच्या पदराला धरून फिरणाऱ्या थोरल्या मुलाला मात्र ती रंगीत गोड गोळीच दिसते. १० किलो वजनाच्या मुलाने अशा चार गोळ्या खाल्ल्या तर उलट्या-जुलाब सुरू होऊ शकतात. दहा खाल्ल्या तर प्राणावर बेतू शकते. या विषबाधेत एक फसवा टप्पाही असतो. पहिल्या काही तासांच्या उलट्या थांबतात, मूल शांत झोपते, घरच्यांना हायसे वाटते, आणि त्यानंतर यकृतावर व रक्ताभिसरणावर आघात होतो. ज्या घरात गर्भवती आहे त्या घरात पहिले मूल बहुधा दोन-तीन वर्षांचे असते. म्हणजे गोळी आणि तिला भुलणारे वय ही दोन्ही एकाच छपराखाली नांदत असतात. गोळ्या वाटणाऱ्या आशा कार्यकर्तीने हे एक वाक्य त्याच वेळी सांगितले, तर त्याचा उपयोग फार मोठा होईल.

आजी-आजोबांच्या औषधांचे तसेच. मधुमेहावरील ग्लिबेनक्लामाइड व त्या जातीच्या इतर औषधांची एखादी गोळीसुद्धा लहान मुलाच्या रक्तातील साखर धोकादायक रीतीने उतरवू शकते. मूल निस्तेज होते, झोपाळते, त्याला झटकेही येतात, आणि ते दमून झोपले आहे असे घरच्यांस वाटत राहते. आजोबांची गोळी उशाखाली, खिडकीच्या कठड्यावर किंवा धोतराच्या सोग्यात असते, कारण ती चुकू नये अशी त्यांची इच्छा असते. त्यांना कोणी दोष देणार नाही. परंतु खिळ्याला टांगलेल्या बंद डब्यातील गोळीसुद्धा चुकत नाही. औषध पिताना मूल रडू लागले की ‘चॉकलेट आहे हो, बाळा’ असे म्हणण्याची जी रीत पडली आहे, तीही सोडून दिलेली बरी. आज आईने औषधाला चॉकलेट म्हटले, तर उद्या मूल औषधाची बाटली चॉकलेट म्हणूनच शोधते.

देवघरातील कापराकडे कोणी संशयाने पाहात नाही. गणेशोत्सवात व नवरात्रात कापराची डबी उघडीच असते, आणि वडीची पांढरी चौकोनी चकती बत्ताशासारखी दिसते. कापूर पोटात गेल्यावर काही मिनिटांतच, फार तर तास-दीड तासात, लहान मुलास आकडी येऊ शकते, आणि त्यास फार मोठी मात्रा लागत नाही. कपड्यांच्या ट्रंकेतील डांबरगोळ्यांची गोष्ट निराळी. ज्यांच्या रक्तपेशींत जी-सिक्स-पी-डी नावाचे द्रव्य जन्मतःच उणे असते, त्यांना नॅफ्थॅलीनच्या गोळीने गंभीर अपाय होतो. तांबड्या पेशी फुटतात, लघवी काळसर होते, मूल पांढरे पडते. हे उणेपण पारशी समाजात, तसेच सुरतेत स्थायिक झालेल्या काही गुजराती समाजांत बऱ्यापैकी आढळते. महाराष्ट्रातील लोक त्यापासून मुक्त आहेत असेही नाही, आणि आपल्या मुलात ते आहे की नाही, हे बहुतेक आईबापांस ठाऊकच नसते.

१९९४ च्या सप्टेंबरातील प्लेगची आठवण सुरत विसरलेली नाही. त्या साथीनंतर शहराने स्वच्छतेत केलेली प्रगती देशभर वाखाणली गेली. उंदरांचा तिटकारा या शहरास असणे स्वाभाविकच आहे. परंतु उंदीर मारण्याचे जे औषध घरात आणावयाचे, त्याची निवड विचारपूर्वक झाली पाहिजे. पिवळ्या फॉस्फरसचे मलम दंतमंजनाच्या नळीसारख्या नळीत मिळत आले आहे, आणि मोठ्या माणसांनीदेखील चुकून त्याने दात घासल्याची उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांत नमूद आहेत. या विषाचा कावा असा, की पहिला एक-दोन दिवस मूल जवळजवळ बरेच दिसते. नंतर कावीळ, रक्तस्राव आणि यकृताचा नाश. म्हणून मूल हसते-खेळते आहे, एवढ्यावर विसंबून घरी थांबणे हा या बाबतीत सर्वांत घातक निर्णय ठरतो. घरात मूल असेल तर उंदरांसाठी पिंजरा बरा. झुरळांच्या खडूचेही तेच. शाळेच्या खडूत व त्याच्यात मुलाला कोणताच भेद दिसत नाही.

मोठ्यांच्या व्यसनांचा वाटा यात लहान नाही. खुंटीवरच्या सदऱ्याच्या खिशात तंबाखूची पुडी आणि चुन्याची नळी असते. तंबाखू खाऊन मुलास ओकाऱ्या व कापरे होते. चुन्याची नळी दाबताच ती फुटून चुना डोळ्यांत उडाला तर कायमची दृष्टी जाते. अशा वेळी डॉक्टरकडे धावण्यापूर्वी डोळा स्वच्छ पाण्याच्या धारेखाली निदान पंधरा-वीस मिनिटे धुतला पाहिजे, कारण चुना प्रत्येक क्षणी आत शिरत असतो. भाषेनेही येथे एक गंमत, किंवा खरे म्हणजे घोटाळा, करून ठेवला आहे. मराठी घरात मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू. शेजारच्या उत्तर भारतीय घरात मिश्री म्हणजे खडीसाखर. लिंबायतच्या गल्लीत दोन्ही घरांत खेळणाऱ्या मुलाने ‘मिश्री’ म्हणून आजीची डबी उघडली, तर दोष कोणाला द्यावा?

घराबाहेर कुंपणाकडेही नजर असावी. पिवळ्या कण्हेरीच्या बिट्ट्या मुले खेळावयास घेतात; त्यातील गर हृदयाची गती बिघडवितो. चंद्रज्योतीच्या म्हणजे मोगली एरंडाच्या बिया चवीला शेंगदाण्यासारख्या लागतात, म्हणून एक मूल खाते आणि दहा मुलांना वाटते. बहुतेक मुले सलाईनने बरी होतात, पण उलट्या-जुलाबांनी होणारे हाल पाहवत नाहीत.

आता वस्तू ठेवावयाच्या कोठे? एका खोलीच्या घरास ‘मुलांच्या हाताला लागणार नाही अशी जागा’ हा उपदेश करणे सोपे आहे. पूर्वी दुधा-दह्यासाठी शिंके असे. परंतु गोकुळातील शिंकेसुद्धा सुरक्षित राहिले नाही, हे सर्वांनाच माहीत आहे. नुसती उंची पुरत नाही, कारण साड्यांचा गठ्ठा हा मुलाला जिन्यासारखा असतो. पत्र्याची एक छोटी पेटी आणि तिला साधे कुलूप, एवढे साधन पुरेसे आहे. फिनाइल, ॲसिड, उंदराचे औषध, थिनर हे मूळच्याच बाटलीत आणि मूळच्याच लेबलासह त्या पेटीत. औषधांचा डबा निराळा, तोही बंद. काम चालू असता बाटली उघडी ठेवून दाराशी कोणी आले म्हणून उठू नये. उठावेच लागले तर बाटली हातात घेऊन उठावे.

इतके करूनही अपघात होतो. त्यानंतरच्या पहिल्या दहा मिनिटांत, प्रेमापोटी, मुलाला अधिक अपाय केला जातो. मिठाचे पाणी पाजून, घशात बोट घालून उलटी करविणे हा आपल्याकडचा सार्वत्रिक उपचार आहे. तो आता सर्वत्र त्याज्य ठरला आहे. अमेरिकेत एकेकाळी उलटी करविणारे ‘इपिकॅक’ हे औषध प्रत्येक घरात ठेवावे असा सल्ला तेथील बालरोगतज्ज्ञच देत. २००३ साली त्यांच्याच संघटनेने तो सल्ला मागे घेतला. कारण समजण्याजोगे आहे. रॉकेल पोटात असताना जेवढे घातक, त्याहून ते फुप्फुसात शिरल्यावर किती तरी अधिक घातक असते, आणि उलटीबरोबर ते नेमके तिकडेच शिरते. ॲसिड किंवा कॉस्टिक वर येताना अन्ननलिकेला दुसऱ्यांदा जाळते. मिठाचे पाणी जास्त झाले तर ते स्वतःच विषासारखे काम करते. ॲसिडवर सोडा आणि कॉस्टिकवर लिंबू, ही शाळेतील रसायनशास्त्राची युक्तीही पोटात करावयाची नाही. दूध, तूप, खोबरेल यांनी विष ‘उतरते’ हा समज निराधार आहे.

करावयाचे ते थोडेच आहे. तोंडात उरलेला पदार्थ बोटाला फडके गुंडाळून पुसून काढावा, तोंड पाण्याने धुवावे, द्रव्य अंगावर सांडले असल्यास कपडे उतरवून अंग धुवावे, मूल गुंगीत असेल तर त्यास कुशीवर निजवावे, आणि बाटली, पाकीट वा झाडाची डहाळी जे काही हाती लागेल ते बरोबर घेऊन रुग्णालय गाठावे. रॉकेल प्यालेल्या मुलाचा खोकला थांबला तरी त्यास काही तास देखरेखीखाली ठेवावे लागते. छातीच्या पहिल्या क्ष-किरण चित्रात दोष न दिसता तो नंतर दिसतो, असे होते. खेळण्यातील चपटी गोल बॅटरी गिळली असल्यास दोन तासांतच अन्ननलिका जळू लागते, म्हणून शौचावाटे पडेल अशी वाट पाहू नये.

रुग्णालयात पोहोचल्यावर आणखी एक अडचण येते, ती भीतीची. विषबाधेची नोंद पोलिसांकडे जाते, हे लोकांना ठाऊक असते. परप्रांतातील बिऱ्हाड, भाड्याची खोली, कारखान्यातून आणलेली वस्तू. मग ‘काही कळत नाही, एकाएकी उलट्या झाल्या’ असे सांगितले जाते आणि डॉक्टरांचा एक मोलाचा तास निदानात खर्ची पडतो. ती नोंद ही एक रीत आहे, आरोप नव्हे. शिवाय संकटातील रुग्णास प्रथम उपचार द्यावयाचे व कागदपत्रे मागाहून, हा दंडक सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा खटल्यात १९८९ सालीच घालून दिला आहे. काय घेतले, किती घेतले, केव्हा घेतले, या तीन प्रश्नांची खरी उत्तरे कोणत्याही औषधाइतकीच उपयोगी पडतात.

रुग्णालयाच्या व्हरांड्यात नातेवाईक जमले की पहिला प्रश्न निघतो: ‘आईचे लक्ष कोठे होते?’ या प्रश्नाचा इतिहास जुना आहे. मुंबईच्या कापड गिरण्यांत काम करणाऱ्या स्त्रिया तान्ह्या मुलांना अफूची बाळगोळी देऊन कामावर जात. १९३१ साली अहवाल देणाऱ्या शाही श्रम आयोगानेही या प्रथेची नोंद घेतली. त्या स्त्रिया निर्दय नव्हत्या. दहा-दहा तासांच्या पाळीत मूल सांभाळावयास कोणी नव्हते, एवढाच त्याचा अर्थ. ती प्रथा ओसरली, त्यास कायद्याबरोबर पाळणाघरे व बदललेली परिस्थिती कारण झाली. सुरतेच्या एका खोलीत साडीला खडे लावीत बसलेल्या स्त्रीला नगामागे मोबदला मिळतो. तिचे हात थांबले की मिळकत थांबते. तिच्या पाठीमागे मूल बाटलीपर्यंत पोहोचते ते काही सेकंदांत. डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवण्याचा उपदेश तिला करण्यापेक्षा खडे चिकटविण्याच्या पदार्थाचा डबा झाकणाचा देणे आणि गल्लीत अंगणवाडीची वेळ वाढविणे, यांत मुलाचे अधिक हित आहे. त्याच खोलीत रात्री परतणाऱ्या पुरुषाने आपला सदरा उंच खुंटीस अडकविला, तर तेही पुष्कळ झाले.

सुरतेत अशा मुलांवर उपचार करण्याची सोय मजुरा गेट येथील नव्या सिव्हिल रुग्णालयात व महानगरपालिकेच्या स्मीमेर रुग्णालयात आहे. गुजरातमध्ये २००७ सालापासून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत १९९५ सालापासून राष्ट्रीय विष माहिती केंद्र चालते. त्याचा १८०० ११६ ११७ हा क्रमांक निःशुल्क असून तेथे अहोरात्र सल्ला मिळतो. कोणता पदार्थ किती घातक, घरी थांबावे की निघावे, हे तेथून कळते. मूल बेशुद्ध असेल किंवा त्यास श्वास लागला असेल, तर मात्र फोनवर वेळ न दवडता निघावे. हे दोन्ही क्रमांक दाराच्या आतील बाजूस मोठ्या आकारात लिहून ठेवावेत, आणि ते फोनच्या कळांवर असतात त्याच आकड्यांत लिहावेत. लिंबायत-उधन्याच्या चाळींत शेजारी ओडिया असतो, तेलुगू असतो, गुजराती असतो. मराठी आकडे त्याला वाचता येतीलच असे नाही, आणि आईच्या कडेवर मूल असताना फोन लावावयाचा असतो तो बहुधा त्यालाच.